वर नमूद केलेले जे. के.

सर, काल सर्वपित्री झाली. तुमचं पान वाढलं नाही, राग मानू नका. माणूस गेल्यावर वर्ष भरेपर्यंत त्याला पितरांच्या पंगतीत बसवत नाहीत, असं भटजींनी सांगितलं. तुम्ही श्रावणात गेलात, अजून दोन महिनेही झालेले नाहीत. आयुष्यभर तुमचं नाव कुठल्याच यादीत वेळेवर लागलं नाही. मुख्याध्यापकांच्या यादीत नाही, आदर्श शिक्षकांच्या यादीत नाही, आणि आता पितरांच्या यादीतही तुम्ही प्रतीक्षेवर.

तुमच्या जे. के. यांचं पान मात्र वाढलं. भटजी म्हणत होते की घरात वर्षाच्या आतलं दुःख आहे, यंदा काहीच करू नका. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुख आमच्या घरात हाय. त्येला कशाला उपाशी ठिवायचं? त्यो काय आमच्या भावकीतला न्हाई." भटजींनी चहा घेतला आणि ते गेले.

हे मी तुमच्यासाठीच लिहितोय, पण इतक्या वर्षांची सवय अशी की कागदावर कुणाचं नाव आलं की त्याचा पूर्ण तपशील द्यायचा. तेव्हा, तुम्ही म्हणजे शांताराम सर, राहणार टाकवे बुद्रुक, कामशेतच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. मी किसन, वडगावला तहसील कचेरीबाहेर टायपिंगचं टेबल लावून बसतो. आणि सदर जे. के. म्हणजे एकोणिसाव्या शतकातले ऑस्ट्रिया देशाचे चित्रकार. त्यांचं चरित्र तुम्ही एकोणीस वर्षं लिहीत होतात आणि मी एकोणीस वर्षं टाइप करत होतो. ते अजून पूर्ण झालेलं नाही. भांडण त्यावरूनच होतं, आणि ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात.

लोणावळ्यात एक जुना बंगला पाडला तेव्हाची गोष्ट. त्या जागी आता रिसॉर्ट आहे. बंगल्यातलं सामान भंगारवाल्याकडे आलं आणि तुम्ही तिथे रंग कालवायला पत्र्याचे डबे शोधायला गेला होतात. डबे राहिले, तुम्ही एक पुस्तक घेऊन आलात. पुठ्ठा नाही, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, मजकूर सगळा जर्मन. पण आत चित्रं होती. पहिलं चित्र बघून तुम्ही तिथेच लोखंडाच्या ढिगावर बसलात म्हणे. "किसनराव, तो आपला आंदर मावळ होता हो," तुम्ही मला सांगितलंत. "तेच डोंगर, तेच धुकं, तेच चिखलात उभं राहून कशाची तरी वाट बघणारे लोक. फक्त टोप्या वेगळ्या."

चित्रकाराचं आडनाव वाळवीच्या तावडीतून सुटलं होतं, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. क पासून सुरू होतं आणि पुढे पाच व्यंजनं एका दमात यायची. तुम्ही ते एकदा पूर्ण म्हणून दाखवलंत तेव्हा माझा कार्बन पेपर ओला झाला. म्हणून मग चित्रावरच्या सहीत जेवढं होतं तेवढंच आपण ठेवलं. जे. के.

तुम्ही पुण्याहून जर्मनचं इंग्रजी करणारा एक शब्दकोश आणलात आणि इंग्रजीचं मराठी करणारा दुसरा. एकेक वाक्य तीन देश फिरून माझ्या टेबलावर यायचं आणि प्रवासात त्याचे हाल व्हायचे. उरलेले हाल मी करायचो. पहिल्या प्रकरणाचं तुमचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'डोंगराच्या कुशीत, पाणचक्कीच्या घरघरीत एक मूल जन्माला आलं.' मी टाइप केलं, 'सदर जे. के. यांचा जन्म डोंगराळ भागात पाणचक्कीनजीक झाल्याचे दिसून येते.'

तुम्ही कागद वाचलात आणि चष्मा काढलात. "दिसून येते? कुणाला दिसून येते?"

"जन्माचा दाखला आहे का तुमच्याकडे?"

"अहो, दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस. दाखला कुठला?"

"मग दिसून येते."

माझ्या टेबलावरून गेलेला एकही कागद आजवर कचेरीतून परत आलेला नाही, हे मी तुम्हाला त्याच दिवशी ऐकवलं. नंतरही दर महिन्याला ऐकवत राहिलो. तुम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घ्यायचात. तेवढी चांगली सवय तुम्हाला होती.

जे. के. यांचं आयुष्य म्हणजे एका हुशार माणसाची रांगेत उभं राहून झालेली फरफट. लहानपणी ते पिठाच्या पोत्यांवर कोळशानं डोंगर काढायचे. गावच्या पाद्र्यानं ते बघितले आणि पोराला व्हिएन्नाच्या कलाशाळेत पाठवलं. तिथे दोन वर्षं त्यांच्याकडून प्लॅस्टरचं एकच नाक काढून घेतलं. त्या नाकाला कंटाळून ते गावी परत आले. मग नेमबाजीच्या लाकडी फळ्या रंगव, खानावळीच्या पाट्या रंगव, असं चाललं. कुणाची गाय दरीत पडून वाचली की मालक देवळात चित्र वाहायचा, ती चित्रंही जे. के. काढायचे. हे भाषांतर करून आणलंत तेव्हा तुम्ही अगदी खुशीत होतात. "नवस, किसनराव. तिकडेही नवसच." त्या एका वाक्यावर तुम्ही जे. के. यांना टाकव्याचे रहिवासी करून टाकलंत.

व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांचं एक चित्र घेतलं, पण टांगलं पार छताजवळ. बघायला शिडी लागली असती. ते वाचून तुमचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात तुमचं धुक्याचं चित्र दाराच्या मागे टांगलं होतं. दार उघडलं की चित्र गायब. प्रदर्शन तीन दिवस होतं आणि पाहुण्यांची सोय म्हणून दार तिन्ही दिवस उघडंच ठेवलं. तुम्ही हा किस्सा हसत सांगायचात आणि मीही हसायचो. त्या दिवशी कळलं की हसायचा नव्हता.

त्याच चित्रासमोर तुम्ही मला धुकं समजावलं होतंत. मी विचारलं होतं की एवढं पांढरं रंगवायला कुठला रंग वापरला. तुम्ही म्हणालात, "रंग नाहीच. धुकं रंगवायचं नसतं. तिथे कागद कोरा सोडायचा असतो. सगळ्यात अवघड तेच आहे, हात आवरणं." मला तेव्हा ती पळवाट वाटली होती.

आता मूळ मुद्दा. तो लिहायला मी टाळाटाळ करतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

चौथ्या प्रकरणात जे. म्हणजे योहान होतं, सातव्यात योसेफ निघालं. शिवाय एका उन्हाळ्यात जे. के. चालत व्हेनिसला गेले होते आणि त्याच उन्हाळ्यात ते गावी पाय मोडून पडले होते. पुढे एका ठिकाणी तर ते तापानं मेल्याचं लिहिलं होतं, आणि नंतर वीस वर्षं चित्रं चालूच. तुम्ही हवालदिल होऊन वडगावला आलात. शब्दकोशांची दोन्ही बाडं पिशवीत, वहिनींनी दिलेली भाकरी तशीच बांधलेली.

मी म्हणालो, "एवढंच ना? असली प्रकरणं माझ्याकडे रोज येतात. शाळेच्या दाखल्यावर तुकाराम, सातबारावर तुका, रेशनकार्डावर भलतंच. एकच माणूस असतो. एक प्रतिज्ञापत्र करायचं, विषय संपला."

"आणि एकाच वेळी दोन गावांत?"

"माणूस मुंबईला नोकरीला आणि सही गावच्या ग्रामसभेत. मावळात निम्मे लोक तसेच आहेत."

"आणि मेला त्याचं काय?"

"मेल्यागत झाला असेल. तुमच्या शब्दकोशावर किती भरवसा ठेवायचा?"

तुम्हाला ते पटलं नव्हतं. तुमचा चेहरा मला आठवतो. पण कागदाच्या बाबतीत तुम्ही मला मानायचात. मी तिथल्या तिथे टाइप केलं, 'योहान व योसेफ ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून सदर व्यक्ती म्हणजे वर नमूद केलेले जे. के. होत.' आणि सवयीनं खाली रबरी शिक्काही मारला. तुम्ही म्हणालात, "शिक्का बसला म्हणजे झालंच म्हणायचं." आणि भाकरी सोडली.

जे. के. यांना मूलबाळ नव्हतं, हे नवव्या प्रकरणात कळलं. त्या वर्षी भाद्रपदात तुम्ही त्यांचं पान वाढायला सुरुवात केलीत. "कुणी नाही हो त्यांना," तुम्ही म्हणालात. "माझ्या घरात एवढी वर्षं राहतायत." टाकव्यात दोन दिवस चर्चा झाली, मग लोकांना सवय झाली. खरा वाद स्वयंपाकावरून. मी म्हणायचो की त्या मुलखातला माणूस, त्याला तुमची हिरवी मिरची झेपायची नाही, बटाटा उकडून ठेवा. वहिनी म्हणायच्या, "बटाटा त्येला रोजचाच आसंल. सणाला आलाय, वडं खाऊन जाईल." अळूची भाजी, भोपळा, वडे, खीर, इंद्रायणीचा भात. कावळा दर वर्षी पहिल्या हाकेला यायचा. आमच्या वडिलांसाठी तासभर ताटकळत उभा राहिलेला मी, मला जे. के. यांचा मनातून हेवा वाटायचा.

मग गोमाआबाचा तो दिवस. ठाकरवाडीचा गोमाआबा तुमच्याकडे पळसाच्या पत्रावळी घेऊन यायचा. सगळं आयुष्य डोंगरावर गुरं राखण्यात गेलेलं. तुम्ही अंगणात पुस्तक उघडून बसला होतात, मी शेजारी. आबा वाकून चित्रं बघायला लागला. एक पान, दुसरं पान, तिसरं. मग म्हणाला, "हे दोघांचं काम हाय."

तुम्ही विचारलंत, "कसले दोघे?"

"ह्या चित्रात बग. गाय उभी हाय, पन ही गाय बसायची कशी? हिला गुडघंच न्हाईत. डोंगार मातर लय खरा. आन् ह्या दुसऱ्या चित्रात डोंगार म्हंजी नुसता भाताचा ढीग, पन गाय बग. दोन म्हयन्यांची गाभन हाय ती. ह्येनं गुरं राखल्याती. त्येनं न्हाईत."

"आबा, खाली सही एकाचीच आहे. जे. के."

"मला सही कुटं वाचाया येती," गोमाआबा म्हणाला. "मला गाय वाचाया येती."

तुम्ही पुस्तक मिटलंत. चित्रकलेतलं काय कळतं तुला, अशा अर्थाचं काहीतरी बोललात आणि लगेच ओशाळून त्याला चहा दिलात. मी तर त्याला प्रतिज्ञापत्र दाखवायलाही निघालो होतो. सात वर्षं झाली याला. त्या भाद्रपदात मी आलो तेव्हा अंगणात दोन पानं होती. मी विचारलं तेव्हा तुम्ही खिरीचं भांडं पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "असू द्या एक जास्तीचं." ज्याचं कुणीच नाही अशा कुणा अनोळखी माणसासाठी असेल, असं मी समजलो. लोक वाढतात तसं.

आणि चार वर्षांपूर्वी माझ्या सुनेनं तिचा मोबाईल तुमच्या पुस्तकावर धरला. पुस्तक तेव्हा माझ्याकडे होतं, चित्रांखालची नावं तपासायला तुम्ही दिलं होतंत. पडद्यावर जर्मन अक्षरं हलली आणि मोडकंतोडकं मराठी उमटलं. 'भाऊ मेल्यानंतर भावाने भावाच्या गायी पूर्ण केल्या.' सून हसायला लागली. मी तिला पुढचं पान धरायला लावलं, मग त्याच्या पुढचं. योहान थोरला, योसेफ धाकटा. व्हेनिसला एक गेला होता, पाय दुसऱ्याचा मोडला होता. ज्याला मी मेल्यागत झाला म्हणालो, तो बिचारा खरोखर मेला होता.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत करायला टाकव्याला निघालो. सांगायचंच असं ठरवून निघालो होतो, सर. कामशेतला उतरून तुमच्यासाठी भजीसुद्धा घेतली. तुम्ही दारातच म्हणालात, "या किसनराव. परवा शाळेत सगळ्यांना सांगत होतो, आमच्या टायपिस्टचा कागद कधी परत येत नाही." मी भजी दिली, पुस्तक दिलं आणि शेवटच्या बसची घाई असल्याचं सांगून निघालो. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

त्यानंतर तुमचं शेवटचं प्रकरण काही येईना. पुस्तकात राहिला होता फक्त मृत्यू. तुम्ही आज देतो, उद्या देतो करत चार वर्षं काढलीत. प्रकरण आलं की मी सगळं कबूल करेन आणि मागची सगळी पानं स्वतः दुरुस्त करून देईन, असं मी मनाशी ठरवलं होतं. म्हणजे धाडस मी तुमच्यावर ढकललं होतं. तुम्ही लिहीत नव्हतात त्याचा मला राग यायला लागला, आणि खोटं कशाला बोलू, सुटकाही वाटत होती.

ज्येष्ठात आपलं जे झालं ते शेवटचं. कामशेत स्टेशनसमोरच्या हॉटेलात. मी म्हणालो, "तुम्ही त्या माणसाला मरू देत नाही, सर. तो मेला की तुम्हाला करायला काही उरणार नाही, म्हणून." हे बोलायला नको होतं. तुम्ही बशीतला चहा तसाच ठेवलात. "तुम्हाला काय घाई आहे त्याला मारायची?" असं म्हणालात, छत्री घेतलीत आणि निघालात. मी दीड महिना तिकडे फिरकलो नाही. येऊ दे त्यांनाच, म्हणून टेबलावर बसून राहिलो. आणि मग वहिनींच्या भाच्याचा फोन आला की सकाळी अंगणात खुर्चीत बसल्या बसल्या सर गेले. मी फोन ठेवला आणि समोरच्या माणसाचं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पूर्ण केलं. एकही चूक नाही. कसं केलं ते मला माहीत नाही.

तर काल. वहिनींनी अंगणात दोन पानं मांडली. मी म्हणालो, "वहिनी, यंदा दुसरं नसतं वाढलं तरी चाललं असतं. एकट्यानं किती करणार?"

वहिनी म्हणाल्या, "आवं, थोरल्याला वाढायचं आन् धाकट्याला उपाशी ठिवायचं व्हय?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"कोण धाकटा?"

"त्येचा भाऊ. गायी काडनारा. तुमास्नी ठावं न्हाई?" मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बया, खरंच ठावं न्हाई जनू. गोमाआबा बोलला त्येच्यावर ह्यांनी म्हयनाभर ती दोन्ही बुकं पालथी घातली. मला म्हनले, दोगं हायेत, चूक झाली. मी म्हनलं, मग सांगा की भावजीस्नी. तर म्हनले, न्हाई. त्या मानसाचा एक कागुद कदी माघारी आला न्हाई. माज्यापायी यायला नको."

सात वर्षं. सात वर्षं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला दर महिन्याला माझी फुशारकी मारू दिलीत. मला चार वर्षं माहीत होतं आणि मी तुमच्याकडे दर महिन्याला शेवटचं प्रकरण मागत राहिलो. आपण दोघं एकमेकांसमोर चहा पीत बसायचो आणि दोघांच्याही खिशात तेच गुपित. सर, एवढी मेहनत आपण चरित्रावर घेतली असती तर ते बारा वर्षांपूर्वी छापून झालं असतं.

कावळा नेहमीसारखा पहिल्या हाकेला आला. एक नाही, दोन आले. वहिनी म्हणाल्या, सात वर्षं दोनच येतात. मी कधी मोजलेच नव्हते.

जेवणं झाल्यावर वहिनींनी तुमची फाईल आणून दिली. शेवटचं प्रकरण आत होतं. एकच पान, तुमच्या हातचं. मला वाटलं डोंगर, धुकं, पाणचक्की असलं काहीतरी असेल. एकोणीस वर्षं माझ्या 'दिसून येते'ला नावं ठेवणाऱ्या माणसानं हे लिहून ठेवलं होतं:

'लिहून देणार शांताराम, राहणार टाकवे बुद्रुक. सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, वर नमूद केलेले जे. के. हे एक इसम नसून दोन सख्खे भाऊ होते. थोरला योहान यास डोंगर येत होते. तो तरुणपणी तापाने मयत झाला. धाकटा योसेफ पाणचक्की व गुरे सांभाळीत असे. त्याने थोरल्याची अर्धवट राहिलेली चित्रे पुरी केली, पुढे स्वतःचीही काढली, आणि सही तीच ठेवली, कारण ती दोघांचीही होती. नंतर तोही म्हातारा होऊन गेला. दोघांना एक समजण्याची चूक माझ्या कच्च्या जर्मनमुळे झाली. टंकलेखक किसनराव यांनी मी सांगितले तसे टाइप केले. त्यांचा यात काही दोष नाही.'

खाली तुमची सही.

हे खोटं आहे, सर. सत्यप्रतिज्ञेवर धडधडीत खोटं. मी वाचलं आणि तुमच्या अंगणात बसून ओक्साबोक्शी रडलो. वहिनींनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "रडू नगा, जेवान अंगी लागायचं न्हाई." मग त्याही शेजारी बसल्या.

आज सकाळी टेबलावर आल्यावर पहिलं काम तुमचं. मागची सगळी पानं दुरुस्त करायला घेतली आहेत, जिथे एक जे. के. होते तिथे दोघांना आपापल्या जागी बसवतोय. वर्षश्राद्धाच्या आत पुस्तक छापायचं, हे वहिनींशी बोललो. गोमाआबाचं नाव पहिल्या पानावर घालायचं. ज्याला सही वाचता येत नव्हती त्यानं आपलं एकोणीस वर्षांचं काम वाचून दाखवलं. तुमच्या शब्दांना मी आता हात लावत नाहीये. डोंगराच्या कुशीत, पाणचक्कीच्या घरघरीत ते मूल परत जन्माला आलंय. दाखल्याशिवाय.

राहता राहिलं तुमचं शेवटचं पान. संगणकावर त्या शेवटच्या ओळी पुसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण त्या कागदावर तुमची सही आहे, तो तसाच छापला पाहिजे. म्हणून पेन घेतलं, तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांवर आडवी रेघ मारली आणि वर माझ्या अक्षरात लिहिलं, 'सदर चूक टंकलेखकाची आहे.' इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या सहीच्या कागदावर मी हात चालवला तो हा पहिलाच.

आता खाडाखोड झाली की शेजारी लिहून देणाऱ्याची सही लागते, नाहीतर कागद परत येतो. तुमची सही मला डोळे मिटून करता येईल. योसेफनं केलीच ना आयुष्यभर, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण त्याची ती स्वतःचीही होती. पेन टेकवलं आणि उचललं. ओळीशेजारी तेवढी जागा कोरी सोडली आहे.

माझ्या टेबलावरून जाणारा एकही कागद परत यायला नको, असं मी जन्मभर म्हणत आलो. हा आला तर बरं होईल, सर. तुम्ही चष्मा काढून विचाराल, ही खाडाखोड कुणाला विचारून केली, आणि मी म्हणेन, बसा, चहा सांगतो.